बेळगाव, खानापूर, निपाणीहून परदेशी जाताना: वास्तव्य परवान्याची कागदपत्रं आधी इथेच जुळवा

जन्म चिकोडीच्या दवाखान्यात, दहावी मराठी शाळेतून पण कर्नाटक बोर्डाची, डिग्री कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, लग्न गडहिंग्लजला आणि नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. सीमाभागातल्या कुठल्याही गल्लीत अशी माणसं भेटतील. इथे राहताना त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण दुबईत बायको-मुलांचा व्हिसा काढायची वेळ येते, किंवा जर्मनीत बाळाचा जन्मदाखला हवा असतो, तेव्हा दोन राज्यांतले आणि तीन भाषांतले हे कागद एकमेकांशेजारी ठेवले जातात आणि त्यांची नावं जुळत नाहीत. तिथून बसून ती जुळवायला महिनोन् महिने जातात. इथे असताना तेच काम नाडकचेरीच्या (कर्नाटकातलं तालुक्याखालचं महसूल कार्यालय) आणि रजिस्ट्रारच्या पाच-सात फेऱ्यांत होतं. म्हणून निघण्याआधी किमान सहा महिने हाताशी ठेवा आणि तिकिटाआधी कागद हातात घ्या.

पहिलं काम: एकच नाव ठरवा

टेबलावर सगळे कागद पसरा: जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, डिग्री, आधार, पॅन, पासपोर्ट, लग्नाचा दाखला. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर जसं छापलंय तसं उतरवा. जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव आणि आईचं नावही उतरवा. हा तक्ता पुढे सगळीकडे उपयोगी पडतो.

आपल्याकडे फरक पडतो तो ठरावीक जागी. एक म्हणजे नावाचा क्रम. मराठी पद्धतीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कर्नाटकातल्या अनेक कागदांवर मात्र वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षराने येतं, तेही कधी पुढे, कधी मागे. पासपोर्टवर तर आडनावाचा रकानाच रिकामा राहिलेला असतो. हा रिकामा रकाना महागात पडतो. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या आणि पर्यटनाच्या व्हिसावर प्रवेश देणं बंद केलं. आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पासपोर्ट दुरुस्त करा.

दुसरं, इंग्रजी स्पेलिंग. कन्नड टायपिस्ट 'त' साठी 'टी'च्या पुढे 'एच' लावतो, म्हणून मराठी घरातली सविता, ज्योती, श्वेता कर्नाटकच्या कागदावर एका जादा 'एच'सह येते. गावडे, गवळी यांसारख्या आडनावांत 'व' साठी कधी 'व्ही' तर कधी 'डब्ल्यू' पडतो. एका अक्षराचा हा फरक बँकेत चालून जातो. इमिग्रेशनचं संगणकीकृत टेबल मात्र त्याला दुसरा माणूस समजतं.

तिसरं, लग्नानंतर बदललेलं नाव. आपल्याकडे सासरी गेल्यावर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलं नावही. मग शाळेचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या नावाचा. लग्नाची कायदेशीर नोंदणी नसेल, तर या दोन नावांना जोडणारा कागदच कुठे नसतो.

आता यातलं कुठलं नाव कायम धरायचं? ठाम सल्ला: दहावीच्या गुणपत्रिकेवरचं. शिक्षण मंडळाकडून नाव बदलून घेणं सगळ्यात अवघड, आणि डिग्री, मार्कशीट, अनुभवपत्र अशी पुढची सगळी साखळी त्यावरच उभी असते. म्हणून पासपोर्ट, आधार, पॅन हे दहावीला जुळवा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. शिक्षणाच्या जोरावर परदेशी जाणाऱ्या मुलींनी माहेरचंच नाव पासपोर्टवर ठेवलं आणि नवऱ्याचं नाव जोडीदाराच्या रकान्यात लिहिलं, तर पुढचा मोठा त्रास वाचतो.

बेळगाव की बेळगावी

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं आणि जिल्ह्याचं सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या पासपोर्टवर आणि शाळेच्या दाखल्यावर जुनं इंग्रजी नाव आहे, नंतरच्या जन्मदाखल्यावर नवं. केवळ यासाठी पासपोर्ट बदलण्याची गरज नाही. अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि भाषांतर करणाऱ्याला दोन्ही नावं एकाच गावाची असल्याची टीप घालायला सांगा. नावबदलाच्या शासकीय अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये असू द्या.

तालुक्याच्या नावातही फसगत आहे. खानापूर नावाचा तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे आणि महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातही आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये यादीतून गाव निवडताना राज्य चुकीचं पडलं, तर जन्मस्थळच दुसऱ्या राज्यात जातं. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, नंतर स्वतंत्र तालुका झाली, म्हणून बाप-लेकाच्या दाखल्यांवर तालुका वेगळा दिसतो. ती चूक नव्हे. विचारलं तर तसं लेखी सांगायचं.

जन्मदाखला

जुना हाताने लिहिलेला कन्नड दाखला घेऊन कुठे जाऊ नका. कर्नाटकात जन्म-मृत्यूच्या नोंदी ई-जन्म प्रणालीत जातात आणि तिथून कन्नड-इंग्रजी असा द्विभाषिक दाखला मिळतो. शहरात महापालिकेत, गावात ग्रामपंचायतीत किंवा नाडकचेरीत चौकशी करा. छापण्याआधी स्क्रीनवरचं इंग्रजी स्पेलिंग स्वतः डोळ्यांनी वाचा. तुमचा तक्ता सोबत न्या आणि ऑपरेटरसमोर ठेवा. एकदा सही-शिक्का झाला की पुन्हा दुरुस्तीचा अर्ज आला.

दाखल्यावर बाळाचं नावच नसेल (आपल्याकडे बारशाआधी नोंद झाल्यामुळे हे फार वेळा होतं), तर ते घालून घेता येतं. त्याची मुदत साधारणपणे नोंदणीपासून १५ वर्षांची. मुलाबाळांना घेऊन जाणार असाल तर त्यांचे दाखले आजच काढून बघा.

नोंदच नसेल तर आधी रजिस्ट्रारकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्यावा लागतो. जन्माला वर्ष उलटून गेल्यावरची उशिराची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. त्यासाठी शाळेचा दाखला, आई-वडिलांचे कागद आणि प्रतिज्ञापत्र लागतं. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता जन्मदाखलाच चालतो.

लग्नाचा दाखला

लग्नपत्रिका, हॉलची पावती, देवस्थानचं पत्र यांतलं काहीही परदेशात चालत नाही. उपनिबंधक कार्यालयातली नोंदणी हवी. कर्नाटकात ती कावेरी पोर्टलवरून सुरू करता येते. लग्न सीमेपलीकडे चंदगडला, आजऱ्याला किंवा कोल्हापुरात झालं असेल, तर नोंद कुठे करायची हे आधी ठरवा आणि एकाच ठिकाणी करा. दोन राज्यांत दोन वेगळ्या तारखांनी नोंद झाली, तर कुठला दाखला खरा हे सिद्ध करत बसावं लागतं. दाखल्यावर वधूचं लग्नाआधीचं नाव दहावीच्या कागदाप्रमाणेच आलं पाहिजे.

पासपोर्ट आणि पोलीस पडताळणी

अर्ज देशात कुठूनही करता येतो, पण पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते. नोकरीला पुण्यात राहून घरचा खानापूरचा पत्ता घातला आणि हवालदार घरी आला तेव्हा तुम्ही नव्हता, तर शेरा विरुद्ध जातो. जिथे खरोखर राहता तोच पत्ता घाला. पोलीस क्लिअरन्स दाखला त्याच पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपयांत मिळतो. तो फार लवकर काढू नका, बहुतेक देश ताजा मागतात.

एक नाजूक गोष्ट सांगणं भाग आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना रेशनकार्ड किंवा मतदार यादीत नाव असलेली घरं आहेत. मतदार यादीत दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि व्हिसाच्या फाइलमध्ये दोन राज्यांचे दोन चालू पत्ते आले तर खोटी माहिती दिल्याचा संशय येतो. एक पत्ता ठेवा, दुसरं नाव रीतसर कमी करून घ्या. वकिलातीचं कार्यक्षेत्रही पत्त्यावर ठरतं. कर्नाटकचा पत्ता असेल तर जर्मन व्हिसासाठी बेंगळूरु, महाराष्ट्राचा असेल तर मुंबई. कोल्हापूर जवळ पडतं म्हणून मुंबईची अपॉइंटमेंट घेतली, तर अर्ज परत फिरतो.

लॅमिनेशन करू नका

डिग्री सर्टिफिकेट मिळालं की झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेशन करून आणायची आपल्याकडे सवय आहे. प्रमाणीकरणाचे शिक्के मूळ कागदाच्या मागच्या बाजूला बसतात. प्लास्टिकवर शाई धरत नाही, स्टिकर सुटतो, आणि कागद सरळ परत येतो. प्लास्टिक उकलायला गेलात तर छपाईचा थर निघून येतो, सोनेरी सील फाटतं. लॅमिनेशन झालेलंच असेल तर उकलायच्या भानगडीत न पडता विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवा. दाखले साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, त्यांना पंचिंग किंवा स्टेपलही करू नका.

शिक्के कुठल्या राज्यात मारायचे

सीमाभागातली माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. शैक्षणिक दाखल्याचं प्रमाणीकरण तुम्ही जिथे राहता त्या राज्यात नसतं, तो दाखला जिथून निघाला त्या राज्यात असतं. व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ), राणी चन्नम्मा विद्यापीठ किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची डिग्री असेल तर कर्नाटकचा उच्च शिक्षण विभाग, बेंगळूरु. शिवाजी विद्यापीठाची असेल तर महाराष्ट्र शासनाचा विभाग, मुंबई. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झालं. त्याआधी बेळगावच्याच कॉलेजात शिकलेल्याची डिग्री धारवाडची असते, म्हणून दुय्यम प्रत किंवा ट्रान्सक्रिप्ट मागताना आपलं वर्ष बघून अर्ज करा. एकाच माणसाची दहावी कर्नाटकची आणि डिग्री कोल्हापूरची असेल, तर दोन वेगळी पाकिटं दोन वेगळ्या राजधान्यांत जातील. एजंटाला हे आधी स्पष्ट सांगा, नाहीतर तो सगळं बेंगळूरुला पाठवून देतो आणि महिन्याने अर्धे कागद तसेच परत येतात.

राज्याच्या शिक्क्यानंतर परराष्ट्र मंत्रालय. पुढचा मार्ग देशावर अवलंबून आहे. अपॉस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत मान्य होणारा एकच प्रमाणीकरणाचा शिक्का. भारत २००५ मध्ये या अपॉस्टिल करारात आला. ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबियासुद्धा या करारात असल्याने तिथे मंत्रालयाचा अपॉस्टिल पुरतो. त्याचं सरकारी शुल्क दाखल्यामागे ५० रुपये, वर अधिकृत केंद्राचं थोडं सेवाशुल्क. यूएई, कतार, कुवेत करारात नाहीत. त्यांच्यासाठी मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो, आणि यूएईत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचाही.

जर्मनीची गोष्ट निराळी. भारत करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली, त्यामुळे भारतीय कागदावरचा अपॉस्टिल जर्मन कार्यालयाला बंधनकारक नाही. तरीही 'जर्मनीसाठी अपॉस्टिल' म्हणून हजारो रुपये उकळणारे लोक आहेत. ते पैसे वाचवा.

आखातात जाणाऱ्यांनी

दहावी पास नसेल तर पासपोर्टवर 'ईसीआर' (स्थलांतर तपासणी आवश्यक) शिक्का येतो आणि यूएई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना स्थलांतर परवानगी घ्यावी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. एजंटाचा परवाना क्रमांक त्याच पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. लाख-दीड लाख मागणारा आणि 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो' म्हणणारा, दोघांनाही नकार द्या. व्हिजिट व्हिसावर कामाला लागलेल्या माणसाला करार नसतो, विमा नसतो, आणि पगार बुडाला तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचं संरक्षण आहे. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. पॉलिसीची प्रत घरच्यांकडे ठेवा.

यूएईत उतरल्यावर वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे आणि मग वास्तव्य परवाना, असा क्रम. प्रवेश परवान्याची ६० दिवसांची मुदत संपायच्या आत हे उरका. कुटुंबाला बोलवायचं तर महिना किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची जागा असावी लागते. लग्नाचा आणि मुलांचा दाखला वर सांगितलेल्या सगळ्या शिक्क्यांसह, अरबी भाषांतरासकट. हे शिक्के निघण्याआधीच मारून घ्या. नंतर मूळ दाखला कुरिअरने बेळगावला धाडून भावाला दारोदार फिरवावं लागतं.

जर्मनीला जाणाऱ्यांनी

उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये घडलेल्या इंजिनिअरांचा ओढा इकडे वाढलाय, म्हणून थोडं सविस्तर. आधी आनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि डिग्री समकक्ष दाखवली आहे का ते बघा. दोन्ही असेल तर त्या पानांची प्रिंट पुरते. नसेल तर झेडएबी या संस्थेकडून तुलना-प्रमाणपत्र मागवा, शुल्क २०८ युरो. शिकायला जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र (भारतातले शैक्षणिक कागद तपासून मिळणारं) सक्तीचं आहे (शुल्क १८,००० रुपये), आणि २०२५ च्या दराने ब्लॉक खात्यात (राहण्याच्या खर्चासाठी राखून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो.

ब्लू कार्डसाठी (पदवीधरांचा नोकरी-वास्तव्य परवाना) २०२५ ची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, टंचाईच्या पेशांत आणि नव्या पदवीधरांना ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. करारावर सही करताना त्या वर्षाचा आकडा बघा, काठावरचा पगार असेल तर कंपनीला वाढवून मागा.

अनुभवपत्रात इथल्या छोट्या कारखान्यांकडून हयगय होते. 'चांगला कामगार होता' अशा दोन ओळी चालत नाहीत. लेटरहेडवर रुजू आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, आठवड्याचे तास आणि कुठल्या यंत्रावर काय काम केलं ते हवं. सीएनसी, व्हीएमसी, पॅटर्न, कोअर, मेल्टिंग, जे असेल ते नावानिशी. पीएफचा उतारा सोबत जोडा. मसुदाच स्वतः तयार करून मालकांकडे सहीला न्या, म्हणजे त्यांचाही वेळ वाचतो.

पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. म्हणून खोली ठरवतानाच विचारा, 'नोंदणीचं पत्र देणार का?' नाही म्हणाला तर ती खोली सोडा. नोंद नाही तर कर क्रमांक नाही, आणि बँक खात्यापासून परवान्यापर्यंत सगळं अडतं. लेटरबॉक्सवर आपलं आडनाव चिकटवा, नाव नसलेल्या पेटीत टपालवाला पत्र टाकत नाही आणि कर क्रमांक टपालानेच येतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो आहे, टीव्ही नसला तरी भरावी लागते.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर लेखी अर्ज आणि पोच सांभाळा. नोकरी गेली तर दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. कायम वास्तव्य ब्लू कार्डवाल्याला बी१ (मध्यम) पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, ए१ (प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांत मिळू शकतं. तेवढ्या महिन्यांची पेन्शन वर्गणी भरलेली हवी. भाषेचा हा फरक सहा महिन्यांचा आहे, तेव्हा बी१ ची तयारी इथूनच सुरू करा.

आणि जर्मनीत बाळ होणार असेल तर आई-वडील दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला, अधिकृत भाषांतरासह, तिथलं नोंदणी कार्यालय मागतं. शंका आली तर ते कागद वकिलातीमार्फत भारतात तपासणीला पाठवतात आणि त्यात महिने जातात. कन्नडचे शपथबद्ध भाषांतरकार तिथे मोजकेच, म्हणून द्विभाषिक दाखल्याचा आग्रह. बाळाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करा.

मागे राहणारं घर, शेत आणि खातं

परदेशी नोकरीला लागलात की साधं बचत खातं तसंच चालवणं फेमा या परकी चलनाच्या कायद्यात बसत नाही. ते एनआरओ करून घ्या. परदेशातली कमाई पाठवायला एनआरई खातं वेगळं उघडा. भाडं, शेतीचं उत्पन्न एनआरओत, पगार एनआरईत.

अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते आणि वारशानेही मिळते. म्हणून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर अजून उतारा असेल, तर पौती खात्याचं (वारसनोंदीचं) काम जाण्याआधी पूर्ण करा. मृत्युदाखला आणि नाडकचेरीचा वंशवृक्ष लागतो. वंशवृक्षात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे आलंय ना, ते तिथेच तपासा.

वटमुखत्यारपत्र शक्यतो इथेच उपनिबंधकाकडे नोंदवून ठेवा, आणि त्यात 'सर्व अधिकार' असं मोघम न लिहिता गट नंबर आणि नेमकं काम लिहा. परदेशातून करायचं झालं तर भारतीय वकिलातीत सही करून मूळ कागद पाठवावा लागतो, आणि तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकिटावर पोचल्याची तारीख दिसते, ते पाकीट फेकू नका असं घरी सांगून ठेवा.